ल्युअर मोठं केलं की उलटतं: लिप घासण्याआधी वजन करा

लहान ल्युअर, म्हणजे गळाला लावायचा लाकडी खोटा मासा, झकास पोहतं. तेच डिझाइन दीडपट करून कोरलं की पाण्यात पडताच कुशीवर होतं, ओढलं की भिंगरीसारखं गरगरतं, आणि तंगूसाला असा पीळ बसतो की सगळी सकाळ तो सोडवण्यातच जाते. लिप (तोंडाखालची पातळ पट्टी) घासली, लिप बदलली, तंगूस बांधायची नाकाची कडी डावी-उजवीकडे वाकवली; एखादा नग नशिबानं सुधारतो, पुढच्याला पुन्हा तेच. मला हा त्रास लागोपाठ तीन पावसाळे झाला. अकरा नग वाया गेले. त्यातले चार आजही माळ्यावर आहेत, कारण रंग फारच छान जमला होता.

लाज वाटावी अशी गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत टूलरूममध्ये काम करतो. रोज व्हर्नियरनं ०.०२ मिलिमीटरपर्यंत मापं घेतो. ल्युअरचीही सगळी मापं घेतली होती: लांबी, उंची, जाडी, लिपचा कोन, लिपची रुंदी. सगळं दीडपट, बिनचूक. फक्त ते एकदाही काट्यावर ठेवलं नव्हतं.

हे ध्यानात आणून दिलं महाल भागातल्या एका काकांनी. ते तान्ह्या पोळ्यासाठी, म्हणजे मुलांच्या पोळ्यासाठी, लाकडी बैल करतात. ल्युअरसाठी सावरीच्या लाकडाचे तुकडे मी त्यांच्याकडूनच आणतो. लकडगंजच्या आरामशीनवर वीतभर तुकडा मागितला की तिथला माणूस आपल्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळतो. बिघडलेला नग मी त्यांच्यासमोर पाण्याच्या घमेल्यात टाकला. तो आडवा झाला. काका हसले. "भाऊ, तुमचा मासा डोक्यानं भारी हाये. आमचा बैल पाहा ना. बैल मोठा केला का खालची फळी बी जाड करा लागते. नाही तं पोट्टं दोरी ओढते अन् बैल लवंडते."

घरी येऊन पहिल्यांदा हिशेब मांडला. लांबी दीडपट केली की लिपचं क्षेत्रफळ २.२५ पट होतं, पण अंगाचं घनफळ १.५ × १.५ × १.५, म्हणजे जवळजवळ ३.४ पट होतं. मी मात्र शिसंही दीडपटच घातलं होतं. हुक एका नंबरानं मोठे घेतले होते आणि तार तर होती त्याच जाडीची ठेवली होती. लाकूड तिपटीहून जास्त वाढलं आणि त्याला खाली धरून ठेवणारा भार जेमतेम दीडपट झाला. वहीतले आकडे असे:

६ सेंमीचं, पोहणारं. अंगाचं घनफळ ८ घन सेंमी. लाकूड ३.२ ग्रॅम, दोन ट्रेबल (तीन टोकांचे) हुक १.६, तार आणि कड्या ०.८, लिप-रंग-इपॉक्सी ०.९, शिसं ०.८. एकूण ७.३ ग्रॅम. पूर्ण बुडवल्यावर बाजूला सारलेलं पाणी ९ ग्रॅम.

९ सेंमीचं, उलटणारं. घनफळ २७ घन सेंमी. लाकूड १०.८, हुक २.५, तार-कड्या १.२, लिप-रंग-इपॉक्सी २, शिसं १.२. एकूण १७.७ ग्रॅम. सारलेलं पाणी २९ ग्रॅम.

पहिल्याचं वजन त्यानं सारलेल्या पाण्याच्या ८१ टक्के आहे, दुसऱ्याचं ६१ टक्के. दुसरं बुचासारखं वर तरंगतं. अर्धं अंग हवेत, लिपचं टोक तेवढं पाण्यात, आणि सरळ उभं राहायला खाली वजनच नाही. ओढताच लिप एका बाजूनं पाणी पकडते आणि अंग तिच्यामागे कोलांटी मारतं. ८१ टक्क्यांवर यायला एकूण वजन साडेतेवीस ग्रॅम हवं. म्हणजे शिसं १.२ नाही, ७ ग्रॅमच्या आसपास. मी सहापट चुकत होतो आणि कानशीनं लिपचा अर्धा-अर्धा मिलिमीटर काढत बसलो होतो.

यात एक गंमत आहे. सगळं खरोखर प्रमाणात वाढवलं तर मोठं ल्युअर लहानापेक्षा जास्त ठाम राहायला हवं. त्याच वेगानं ओढलं तर लिपचा उलटवणारा जोर (क्षेत्रफळ गुणिले अंतर) ३.४ पट होतो, पण वजनाचा सरळ करणारा जोर (वजन गुणिले अंतर) पाच पट होतो. त्यामुळे मोठं ल्युअर उलटत असेल तर ते मोठं आहे म्हणून नव्हे, त्यातली एखादी गोष्ट मोठी व्हायची राहिली म्हणून. बहुतेक वेळा ती शिसं असते.

आता करायचं काय ते.

सराफांकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा घ्या, ०.१ ग्रॅम दाखवणारा पुरतो. त्यावर पाण्याचा ग्लास ठेवा, आकडा शून्य करा. लाकडी अंगाला टाचणी टोचून ते पाण्यात पूर्ण बुडेल असं दाबून धरा, पण तळाला किंवा कडेला टेकवू नका. काटा जितके ग्रॅम दाखवेल तितके घन सेंटीमीटर तुमच्या अंगाचं घनफळ. आकार कितीही वेडावाकडा असो, फरक पडत नाही. हे काम पटकन उरका, कोरं लाकूड पाणी पितं. त्याआधी कोरडं लाकूड तोलून ठेवलेलं असलं की त्याची घनताही कळते. माझं सावरीचं लाकूड ०.४ भरतं. सागवान ०.६५ च्या आसपास असतं, म्हणून सागवानाचं लहान ल्युअर करायच्या फंदात पडू नका; हुक लावले की शिशाला जागाच उरत नाही.

मग हुक, कड्या, तार, लिप, सगळं काट्यावर ठेवा आणि बेरीज करा. रंग आणि इपॉक्सीचं वजन विसरू नका. त्यांचं वजन अंगाच्या पृष्ठभागावर ठरतं आणि मोठ्या नगावर दोन ग्रॅम सहज जातात. तुमचं जे ल्युअर चांगलं पोहतं त्याची टक्केवारी आधी काढा आणि नव्या मापाला तीच लावा. माझे तरंगणारे नग ७८ ते ८५ टक्क्यांत चांगले चालतात. तुमच्या अंगाचा आकार चपटा असेल तर आकडा वेगळा निघेल. माझा उचलू नका, स्वतःचा काढा.

शिसं किती हे ठरलं तरी ते कुठे हा प्रश्न उरतोच. लगेच भोक पाडू नका. शिशाचे तुकडे पोटाखाली रबरबँडनं बांधा, सगळे हुक अडकवा आणि बादलीत सोडा. ल्युअर आपणहून सरळ उभं राहिलं पाहिजे, पाठ थोडी पाण्यावर, शेपटी किंचित खाली. बोटानं आडवं पाडून सोडा. झटकन उठलं तर ठीक. रेंगाळत उठलं तर ओढल्यावर नक्की लोळणार. शिशाची जागा पोटाच्या हुकाच्या जरा पुढे, आणि जितकी खाली नेता येईल तितकी. बाहेर बांधलेलं शिसं आत बसवताना काही मिलिमीटर वर चढतं आणि त्याचा जोर कमी होतो, म्हणून बादलीत जेमतेम उठणाऱ्या नगावर समाधान मानू नका. भोक मध्यरेषेवर पाडा. अर्धा मिलिमीटर सरकलं तरी मोठ्या नगात ते कायमचं एका खांद्यावर झुकतं. इथे व्हर्नियर कामाला येतो.

शिशाबद्दल थोडं. टायरवाल्याकडे चाकाच्या बॅलन्सिंगचे जुने तुकडे मिळतात, पण आता त्यात लोखंड आणि जस्तही असतं. खिशात लोहचुंबक ठेवा. चिकटला तर लोखंड. जस्त चुंबकाला चिकटत नाही, पण नखानं ओरखडा पडत नाही, शिशावर पडतो. इतवारीत लोहाओळीत विचारत फिरलं तर शिसं मिळतं. स्वयंपाकघरात वितळवू नका, घरात लहान मुलं असतील तर मुळीच नाही. मी वितळवतच नाही. तुकडे हातोडीनं ठोकून दांडी करतो, भोकात बसवतो, वर इपॉक्सी. हात साबणानं धुऊनच जेवायला बसतो.

बादलीची परीक्षा पास झालेला नग ओढून बघायला लांब पाणी लागतं. काटोलकडे आमच्या साडूंची संत्र्याची बाग आहे आणि बागेत शेततळं. पहिल्या खेपेला मी उत्साहात हुकांसकट ल्युअर फेकलं. शेततळ्याला प्लास्टिकचं अस्तर असतं हे साडूंनी ओरडून सांगितलं तेव्हा हुक अस्तरापासून हातभर लांब होता. तेव्हापासून चाचणीचे हुक वेगळे ठेवलेत: त्याच नंबरचे, पण टोकं पक्कडीनं तोडलेले. हुक काढून चाचणी घ्यायची नाही, कारण पोटाचा हुक हासुद्धा शिशासारखाच खालचा भार आहे. हुकाशिवाय पोहणारं हुकासह मरतं आणि याच्या उलटही घडतं. फिनलंडच्या लौरी रापाला यांनी १९३६ मध्ये बुचापासून पहिलं ल्युअर कोरलं आणि वर चॉकलेटची चंदेरी चांदी गुंडाळली, ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. पुढे त्यांच्या घरातून बाहेर पडणारं प्रत्येक ल्युअर हातानं पाण्यात ओढून पाहिलं जायचं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

वजन बरोबर आहे, बादलीत सरळ उभं राहतं, तरी ओढल्यावर बिनसतं, असं झालं तरच आता लिपकडे वळा.

हळू ओढलं तर छान, वेग वाढवला की लोळतं: लिप जास्त मोठी किंवा जास्त उभी आहे. उभी लिप पाणी जास्त अडवते, ल्युअर उथळ आणि रुंद डुलतं. आडवीकडे झुकलेली लांब लिप खोल नेते आणि डुलणं आखूड करते. लिप दोन्ही बाजूंनी सारखी घासत एक-एक मिलिमीटर कमी करा आणि दर वेळी ओढून बघा. एकदम तीन मिलिमीटर काढले तर परत चिकटवता येत नाहीत, हे माळ्यावरच्या चारपैकी दोघांनी शिकवलं.

नेहमी एकाच बाजूला पळतं: आधी लिप वाकडी बसली आहे का ते समोरून डोळ्याला लावून बघा. लिप सरळ असेल तर ल्युअरचं तोंड आपल्याकडे करून धरा. ते ज्या बाजूला पळतं तिच्या विरुद्ध बाजूला नाकाची कडी पक्कडीनं केसभर वाकवा. केसभरच. या उपायानं दिशा सुधारते, उलटणं नाही, आणि लोक नेमके इथेच वर्ष घालवतात. मीही घातलं.

डुलतच नाही, काठी ओढल्यासारखं येतं: शिसं जास्त झालं, किंवा गाठ नाकाच्या कडीला घट्ट आवळली आहे. आधी गाठ बघा, फुकटचं काम आहे. छोटी स्नॅप (उघडता येणारी कडी) लावा किंवा सैल फाशाची गाठ बांधा. मोठं ल्युअर लहानापेक्षा संथ डुलतं, हा दोष नाही. त्याला लहानाच्या लयीत डुलवायला जास्त वेगानं ओढलं तर ते लोळणारच.

लिपसाठी जुन्या सीडी उत्तम. सीडी पॉलिकार्बोनेटची असते, १.२ मिलिमीटर जाड. ६ सेंमीच्या नगाला अगदी योग्य. कापण्याआधी गरम पाण्यात ठेवा नाही तर कडेनं तडकते. ९ सेंमीला मात्र ती वाकते आणि वाकलेली लिप दर ओढीला वेगळं वागते, त्यासाठी २ मिलिमीटरचा पत्रा घ्या. शेड टाकणाऱ्यांकडे पॉलिकार्बोनेटच्या सपाट पत्र्याची कात्रणं पडलेली असतात. ॲक्रिलिक नको, दगडावर आपटलं की तुकडे.

आता या त्रासाचा दुसरा अवतार: उन्हाळ्यात पोहत होतं, श्रावणात उलटायला लागलं. हे नागपुरात जास्त होतं, असं मला वाटतं. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या वर जातो, दुपारची हवा इतकी कोरडी की लाकूड हाडासारखं वाजतं. मी सुट्टीत, म्हणजे मेमध्येच कोरायचो. एक कोरा ठोकळा मेमध्ये १०.८ ग्रॅम होता. पोळ्याच्या सुमारास तोच ११.८ भरला. पाण्यात न टाकता, नुसत्या हवेतल्या ओलाव्यानं. ही वाढलेली ओल नेमकी शिशासारखी खाली बसत नाही, सगळ्या अंगात पसरते, पाठीतही. शिवाय लाकूड फुगतं, रंगाला केसासारखी चीर जाते आणि मग खरं पाणी आत शिरतं. वहीत प्रत्येक नगाचं तयार झाल्याच्या दिवशीचं वजन लिहून ठेवा. पुढच्या हंगामात आधी काटा, मग पाणी. अर्धा ग्रॅम वाढला असेल तर रंग खरवडून, उन्हात नव्हे तर सावलीत आठवडाभर वाळवून, पुन्हा बंद करा.

पाणी शिरतं ते रंगातून कमी, भोकांतून जास्त: लिपची खाच, तारेची फट, शिशाचं भोक. रंगाआधी या तिन्ही जागी पातळ इपॉक्सी पाजा. लाकूडकामाचा साधा पांढरा गोंद पाण्यात विरघळतो, तो लिपला वापरू नका. माझी एक लिप तलावाच्या तळाशी आहे. इपॉक्सीचा शेवटचा हात पावसाच्या दिवशी देऊ नका. दमट हवेत वर धुरकट, चिकट थर येतो आणि तो जात नाही. आणि तयार नग मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवू नका. आतली हवा तापून फुगते, इपॉक्सी मऊ पडतं, फोड येतात. फोड आलेली बाजू जड की हलकी हा प्रश्नच नाही, पाणी तिच्यावरून वेगळं वाहतं.

मोठं करण्यामागचं कारणही एकदा तपासा. मला ९ सेंमी हवं होतं मरळ माशासाठी. मरळीचा जबडा पाहिला तर ९ सेंमी काहीच नाही, पण ती ६ सेंमीवरही तितक्याच रागानं येते. फरक पडतो तो फेकीत. सव्वासात ग्रॅम आणि साडेतेवीस ग्रॅम यांच्या फेकीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मात्र रॉडवर (गळाच्या काठीवर) लिहिलेली वजनाची मर्यादा वाचा. १५ ग्रॅमपर्यंतच्या रॉडनं २३ ग्रॅम झोकून फेकलं तर टोक जातं. मरळीसाठी तार आरपार घाला, नाकापासून शेपटीपर्यंत एकच, ०.८ ते १ मिलिमीटरची स्टेनलेस. सावरीच्या मऊ लाकडात नुसता स्क्रू फिरवला तर पहिल्याच झटक्यात हुक माशाकडे आणि ल्युअर आपल्याकडे. पावसाळ्यात पाण्यावर लालसर पिल्लांचा पुंजका दिसला तर तिथे फेकू नका. खाली आई-बाप राखणीला असतात, ते रागानं गळाला येतात आणि मागे पिल्लं इतरांच्या पोटात जातात. तलाव मच्छीमार संस्थेकडे ठेक्यानं असेल तर आधी विचारा. आणि तोतलाडोहचा जलाशय पेंच व्याघ्र प्रकल्पात आहे, तिकडे गळ घेऊन जायचंच नाही.

लहान करतानाही हाच हिशेब उलटा चावतो. ६ चं ४ सेंमी केलं तर घनफळ ८ वरून २.४ वर येतं. लाकूड ०.९५ ग्रॅम, दोन लहान ट्रेबल १, तार-कड्या ०.५, लिप आणि रंग ०.४. बेरीज २.८५, आणि सारलेलं पाणी जेमतेम २.९. शिशाचा कणही न घालता ते बुडायच्या बेतात असतं. इथे शिसं वाढवून भागत नाही, बाकीचं कमी करावं लागतं: पोटाला एकच हुक, शेपटीला काहीच नाही, तार ०.६ ची, इपॉक्सीचा एकच हात. शिवाय लाकूडही हलकं घ्या. काकांनी या वेळी पांगाऱ्याचा तुकडा दिलाय, सावरीपेक्षा हलका. काट्यावर ०.२८ भरला. त्यातून ४ सेंमीचे तीन नग कोरून झालेत, तिघांनाही ०.३ ग्रॅम शिशाची जागा निघते. रंग अजून दिलेला नाही; पाऊस उघडायची वाट बघतोय.